चमचाभर व्हॅनिला आणि त्यातलं अल्कोहोल

कुकरच्या तळाशी वाळू पसरलेली असते, झाकणाची शिट्टी काढून बाजूला ठेवलेली असते आणि मिश्रण डब्यात ओतणार एवढ्यात कुणीतरी विचारतं, "इसेन्स घातलास का गं?" मग फडताळातून बोटभर उंचीची ती बाटली बाहेर येते. झाकण फिरवलं की आधी नाकात झणझणीत काहीतरी शिरतं, गोड वास त्याच्या मागून येतो. तो झणका कशाचा, हा प्रश्न घरात एकदा निघाला की लवकर मिटत नाही. कुणी म्हणतं, त्यात दारू असते. कुणी म्हणतं, असली तरी भाजताना उडून जाते. केक इफ्तारसाठी असेल, जैन शेजारणीच्या मुलीच्या वाढदिवसाचा असेल, किंवा दोन वर्षांपूर्वी मोठ्या कष्टाने दारू सोडलेला भाऊ तो खाणार असेल, तर हे नुसतं कुतूहल राहत नाही.

याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही. व्हॅनिला या एकाच नावाखाली बाजारात निरनिराळ्या वस्तू मिळतात. त्यांतल्या एकीत अल्कोहोल भरपूर असतं, दुसरीत थोडं, तिसरीत अजिबात नाही. शिवाय बाटलीत किती, ताटात किती आणि पोटात किती, हे तीन वेगळे हिशेब आहेत. घरातली भांडणं होतात ती बहुधा हे तीन हिशेब एकत्र केल्यामुळे.

सुरुवात बाटलीपासून. अमेरिकेत 'व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट' हे नाव वाटेल त्या बाटलीवर छापता येत नाही. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने त्याची व्याख्या ठरवून दिली आहे. आकारमानाने किमान ३५ टक्के इथाइल अल्कोहोल हवं आणि एका गॅलन अर्कासाठी १३.३५ औंस शेंगा वापरलेल्या हव्यात. आपल्या मापात सांगायचं तर लिटरला १०० ग्रॅम शेंगा. अल्कोहोल ३५ टक्क्यांच्या खाली आलं की त्या वस्तूचं 'एक्स्ट्रॅक्ट' हे नाव जातं, तिला 'व्हॅनिला फ्लेवरिंग' म्हणावं लागतं. म्हणजे तिथे अल्कोहोल ही चोरून केलेली भेसळ नाही, ती त्या नावाची अटच आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या रम किंवा व्हिस्कीच्या बाटलीवर सहसा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. खरा व्हॅनिला अर्क तीव्रतेने त्याच्या बराच जवळ जातो. परदेशातल्या लेकीने किंवा भाच्याने आणलेली गडद तपकिरी बाटली बहुधा हीच असते.

एवढं अल्कोहोल लागतं तरी कशाला? व्हॅनिला ही एका ऑर्किडच्या वेलीची शेंग. मूळ मेक्सिकोची. झाडावरून तोडलेल्या हिरव्या शेंगेला त्या ओळखीच्या वासाचा मागमूस नसतो. आतला व्हॅनिलिन हा गंधपदार्थ साखरेच्या रेणूला बांधलेला असतो. शेंगा गरम पाण्यात बुडवून, गोणपाटात गुंडाळून घाम आणून, उन्हात आणि मग सावलीत काही महिने वाळवल्या की ते बंध सुटतात आणि वास मोकळा होतो. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांपासून जेमतेम किलोभर तयार माल मिळतो आणि त्यात व्हॅनिलिन साधारण दोन टक्के. हा वास आता द्रवात उतरवायचा. पाण्यात व्हॅनिलिन फार विरघळत नाही, साध्या तापमानाला लिटरला सुमारे दहा ग्रॅमच. आणि वास एकट्या व्हॅनिलिनचा नसतो. शेंगेत आणखी शेकडो गंधद्रव्यं आणि राळेसारखे चिकट पदार्थ असतात, ते तर पाण्याला फारशी दाद देत नाहीत. अल्कोहोल आणि पाणी यांचं मिश्रण दोन्ही प्रकारचे घटक ओढून घेतं, वर अर्क टिकवतंही. बॉस्टनच्या जोसेफ बर्नेट या औषधविक्रेत्याने १८४७ मध्ये असा अर्क बाटलीत भरून विकायला सुरुवात केली. औषधी मुळ्या-सालींचे अर्क अल्कोहोलमध्ये काढणं हा औषधविक्रेत्यांचा नेहमीचा उद्योग होता, तीच रीत स्वयंपाकघरात आली.

आता ताटातला हिशेब, तोही अस्सल ३५ टक्क्यांचा अर्क धरून. एक सपाट चमचा म्हणजे पाच मिलिलिटर. त्यात शुद्ध अल्कोहोल पावणेदोन मिलिलिटर, वजनाने १.४ ग्रॅमच्या आत. ६० मिलिलिटरच्या एका पेगात साधारण २५ मिलिलिटर अल्कोहोल असतं. तेवढं व्हॅनिलातून मिळवायचं तर पंधरा-एक चमचे अर्क प्यावा लागेल. केकचे आठ तुकडे केले तर भाजण्याआधीच एका तुकड्याच्या वाट्याला पाव मिलिलिटरहून कमी येतं.

भाजताना ते सगळं उडून जातं का? इथे एक लोकप्रिय समजूत दुरुस्त करायला हवी. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं आणि केक त्याहून कितीतरी तापतो, मग काही उरणारच नाही, असं वाटणं साहजिक आहे. पण मिश्रणात मुरलेलं अल्कोहोल पाण्याला धरून राहतं आणि हळूहळूच बाहेर पडतं. अमेरिकी कृषी खात्याच्या पोषणविषयक तक्त्यात हे टप्प्याटप्प्याने दिलं आहे. मिश्रणात ढवळून पंधरा मिनिटं शिजवलं किंवा भाजलं तर ४० टक्के अल्कोहोल उरतं, अर्ध्या तासाने ३५ टक्के, तासाभराने २५ टक्के. अडीच तास शिजवल्यावरही पाच टक्के राहतं. उकळत्या पातेल्याखालचा गॅस बंद करून मग ते घातलं तर ८५ टक्के तसंच राहतं. तेव्हा 'उडून जातं' हे अर्धसत्य आहे. केकच्या तुकड्यात जे उरतं ते नगण्य असतं खरं, पण त्याचं मुख्य कारण म्हणजे मुळात घातलेलंच चमचाभर असतं.

म्हणूनच केकपेक्षा थंड पदार्थांकडे जास्त लक्ष द्यायला हवं, आणि नेमकं तिकडेच कुणाचं लक्ष नसतं. उन्हाळ्यात घरी आइस्क्रीम करताना दूध आटवून, गार करून, घुसळून झाल्यावर अगदी शेवटी इसेन्स घालतात, म्हणजे वास टिकतो. वास टिकतो त्याच कारणाने अल्कोहोलही टिकतं. लिटरभर मिश्रणात चमचाभर अर्क म्हणजे ०.१७ टक्के. लग्नाच्या पंगतीतल्या फ्रूट सॅलडचं कस्टर्ड गार झाल्यावर त्यात अर्क घातला तर तोच हिशेब. मिल्कशेकचं मात्र वेगळं. ३०० मिलिलिटरच्या ग्लासात अर्धा चमचा अस्सल अर्क घातला तर प्रमाण ०.२९ टक्के होतं. हात सैल सुटून पूर्ण चमचा पडला तर ०.५७ टक्के. हा दुसरा आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत मद्यपेयाची व्याख्या ०.५ टक्क्यांच्या वर सुरू होते. असा ग्लास पिऊन कुणाला झिंग येणार नाही. पण आपल्याला वाटतं त्याहून ती रेषा जवळ आहे, हे थंड पेयं बनवणाऱ्यांना ठाऊक असावं.

उरला पोटातला हिशेब. निरोगी प्रौढ माणसाचं यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. मिल्कशेकमधला चमचाभर अर्क त्याला दहा-बारा मिनिटांचं काम. शिवाय शरीराला अल्कोहोल भेटतं ते काही व्हॅनिलातूनच नाही. जिथे साखर आणि यीस्ट एकत्र येतात तिथे ते तयार होतंच. पहाटेची नीरा ऊन चढल्यावर ताडी होते ती याच वाटेने. जर्मनीत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांच्या वेष्टनावर अल्कोहोलचा उल्लेख नसतो असे मुलांच्या खाण्यातले पदार्थ तपासले होते. संत्रं, सफरचंद आणि द्राक्षांच्या रसांत लिटरला ०.७७ ग्रॅमपर्यंत इथेनॉल आढळलं, तर पाकीटबंद बर्गरच्या पावात आणि गोड दुधी पावात १०० ग्रॅमला १.२ ग्रॅमहून जास्त. व्हॅनिला केकच्या तुकड्यात भाजण्याआधी असतं त्याच्या तिप्पट तरी अल्कोहोल असा ५० ग्रॅमचा एक पाव पोटात नेऊ शकतो. फ्रान्समधल्या ग्राहक संस्थेने २०१२ मध्ये १९ कोला पेयं तपासली तेव्हा निम्म्याहून अधिक पेयांत अल्कोहोलचा अंश सापडला, लिटरला सुमारे दहा मिलिग्रॅम. टक्केवारी काढली तर ०.००१. बातमीने जगभर खळबळ उडाली, तेवढा काही तो आकडा मोठा नव्हता.

आपल्या घरांत तर याहून जवळचं उदाहरण आहे. द्राक्षासव, दशमूलारिष्ट, कुमारी आसव या औषधांत किण्वनाने आपोआप अल्कोहोल तयार होतं आणि ते काही टक्के असतं. बाटलीवर 'स्वयंजनित अल्कोहोल' असा उल्लेखही असतो. बाळंतिणीला दशमूलारिष्टाचे दोन चमचे कोमट पाण्यातून देणाऱ्या आजीने त्याला कधी दारू म्हटलं नाही. औषध म्हणून मोजून घेतलेली मात्रा आणि पेय म्हणून ओतलेला ग्लास यांतला फरक तिला पुरता ठाऊक होता.

कायद्यालाही हाच फरक धरून चालावं लागलं. अमेरिकेत १९२० पासून दारूबंदी लागू झाली तेव्हा व्होल्स्टेड कायद्याने अर्धा टक्का किंवा अधिक अल्कोहोल असलेलं पेय मादक ठरवलं. मग ३५ टक्क्यांच्या व्हॅनिलाचं काय? त्यासाठी पळवाट नव्हे, सरळ दरवाजा ठेवला गेला. पेय म्हणून पिण्यास अयोग्य असलेले स्वादार्क बंदीतून वगळले. आजही तिथे अन्नस्वाद बनवणाऱ्याने आपलं मिश्रण पिण्याजोगं नाही हे सरकारला पटवून दिलं, की वापरलेल्या अल्कोहोलवरचा बहुतेक कर परत मिळतो.

मुंबईतही हेच घडलं, आणि तो इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा इतका व्यापक होता की अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनंही त्याच्या जाळ्यात आली. एफ. एन. बलसारा यांनी त्याला आव्हान दिलं आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा औषधी आणि प्रसाधनांवरची बंदी अवाजवी ठरवली. त्यानंतर कायद्यात २४-अ हे कलम आलं. मादक पेय म्हणून वापरण्यास अयोग्य अशी प्रसाधनं, औषधं, जंतुनाशकं, आणि त्यांच्याच ओळीत स्वादार्क, इसेन्स आणि सरबतं बंदीतून मोकळी झाली. सोबत ५९-अ कलमाने अट घातली, की घटक ओढून घेण्यासाठी, विरघळवण्यासाठी आणि वस्तू टिकवण्यासाठी लागेल त्याहून जास्त अल्कोहोल वापरायचं नाही. व्हॅनिलाच्या शेंगेला अल्कोहोल का लागतं याची तिन्ही कारणं कायद्याच्या एका वाक्यात बसली आहेत. एखादी वस्तू पिण्याजोगी आहे की नाही हे ठरवायला तज्ज्ञांच्या मंडळाचीही तरतूद झाली.

'पिण्यास अयोग्य' हे शब्द मात्र माणसाच्या तहानेपुढे नेहमी टिकत नाहीत. अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळात 'जमैका जिंजर' हा आल्याचा तीव्र अर्क गरीब माणसं दारूऐवजी प्यायची. तो पिववू नये म्हणून त्यात आल्याचा घन भाग ठरावीक प्रमाणात असणं सक्तीचं होतं. ती तपासणी चुकवण्यासाठी काहींनी त्यात एक औद्योगिक रसायन मिसळलं. ते मज्जातंतूंना घातक निघालं आणि १९३० मध्ये हजारो लोकांचे पाय लुळे पडले. व्हॅनिलाच्या वाट्याला असं संकट आलं नाही. त्याचं एक कारण उघड आहे, तो फार महाग आहे. व्हॅनिला पिकवणाऱ्या मादागास्करमधल्या वादळानंतर २०१८ च्या सुमारास शेंगांचा भाव किलोला ६०० डॉलरच्या आसपास, चांदीच्याही वर गेला होता. तरीही व्यसनाच्या शेवटच्या पायरीवर माणूस किंमत पाहत नाही, आणि अर्क किराणा दुकानात कुणालाही मिळतो.

धर्माच्या अंगानेही या प्रश्नाचा खोल विचार झालेला आहे. इस्लाममध्ये मद्य निषिद्ध, पण प्रश्न असा पडला की स्वाद टिकवण्यासाठी वापरलेलं अल्कोहोल मद्य मानायचं का? मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा समितीने २०११ मध्ये निर्णय दिला की स्वादातलं अल्कोहोल मद्यनिर्मितीतून आलेलं नसेल आणि तयार पदार्थात त्याचं प्रमाण ०.५ टक्क्यांच्या वर जात नसेल, तर तो पदार्थ चालेल. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेनेही २०१८ मध्ये पेयांसाठी ०.५ टक्क्यांचीच मर्यादा ठेवली. सर्वांना ते मान्य आहे असं नाही. अनेक कुटुंबं एक थेंबही नको म्हणतात आणि तो त्यांचा अधिकार आहे. जैन घरांतही हीच भूमिका आढळते. अशा घरात 'अहो, इतकंसंच तर असतं' म्हणून आग्रह करणं बरं नाही. तिथे टक्केवारीचा प्रश्नच नसतो.

दारू सोडलेल्या माणसाची गोष्ट त्याहून नाजूक. दारूपासून दूर राहायला मदत म्हणून दिल्या जाणाऱ्या डायसल्फिराम या औषधाचा परिणाम १९४८ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी जगापुढे मांडला. ते घेणाऱ्याच्या पोटात अल्कोहोल गेलं की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. अशा रुग्णांना खोकल्याच्या औषधापासून व्हॅनिला अर्कापर्यंत अल्कोहोल असलेली प्रत्येक वस्तू टाळायला सांगतात. औषध घेत नसलेल्यांनाही नुसत्या वासाने जुनी ओढ जागी होऊ शकते. आणि लहान मुलं. दहा किलो वजनाच्या बाळाने गोड वास आला म्हणून ३० मिलिलिटरची अस्सल अर्काची बाटली तोंडाला लावली तर आठ ग्रॅमहून जास्त अल्कोहोल त्याच्या पोटात जाईल. एवढ्याशा शरीराला ते सरळ विषबाधा करणारं आहे, रक्तातली साखर झपाट्याने खाली येऊ शकते. केकचा तुकडा आणि ती बाटली यांत हे अंतर आहे, म्हणून बाटली वरच्या फळीवर हवी.

आता पुन्हा फडताळातल्या त्या छोट्या बाटलीकडे. आपल्या किराणा दुकानात वीस-तीस रुपयांपासून मिळणाऱ्या व्हॅनिला इसेन्समध्ये बहुधा शेंग नसतेच. जर्मनीत टीमान आणि हारमान यांनी १८७४ मध्ये पाइनच्या झाडातल्या एका द्रव्यापासून व्हॅनिलिन बनवलं, आणि आज जगात वापरला जाणारा बहुतेक व्हॅनिलिन कारखान्यातून येतो. स्वस्त इसेन्समध्ये तो आणि त्याहून तीव्र असा इथाइल व्हॅनिलिन असतो, आणि तो विरघळवायला बहुधा प्रोपिलीन ग्लायकॉल व पाणी वापरलेलं असतं. बारीक अक्षरांतल्या यादीत १५२० हा क्रमांक दिसला तर ते प्रोपिलीन ग्लायकॉल. इथाइल व्हॅनिलिनमधल्या 'इथाइल'चा दारूशी संबंध नाही, ते निव्वळ रेणूचं नाव. तेव्हा नाकात शिरणारा झणका अल्कोहोलचाच असेल असं नाही. वासावर न जाता यादी वाचावी.

पण यादी वाचून तरी कळतं का? अनेक बाटल्यांवर 'कृत्रिम स्वादद्रव्ये' एवढंच मोठ्या अक्षरांत असतं आणि द्रावक कोणतं हे शोधावं लागतं. आइस्क्रीमच्या डब्यावर किंवा मिल्कशेकच्या बाटलीवर तर 'स्वाद मिसळला आहे' याच्या पलीकडे ग्राहकाच्या हाती काही लागत नाही. हिरवा ठिपका शाकाहाराची खात्री देतो, अल्कोहोलची नाही. ज्याला धर्मामुळे, औषधामुळे किंवा व्यसनमुक्तीच्या निश्चयामुळे हे जाणून घ्यायचं आहे, त्याला ते एका ओळीत मिळायला हवं: द्रावक कोणतं आणि इथेनॉल किती टक्के. आसवांच्या बाटलीवर हे छापता येतं, तर इसेन्सच्या बाटलीवर का येऊ नये?

'अल्कोहोलमुक्त' शब्द दिसला म्हणजे सगळं निभावलं असंही नाही. अशा अर्कांत ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन असतं. खाद्य प्रतीचं ग्लिसरीन निर्धोक आहे, पण औद्योगिक प्रतीच्या मालात डायइथिलीन ग्लायकॉलची भेसळ झाली तर काय होतं, हे मुंबईने पाहिलं आहे. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात अशा ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि चौकशीसाठी लेंटिन आयोग बसला. स्वादांमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल द्रावक म्हणून वापरायला आपल्या अन्नकायद्यात स्पष्ट मनाई आहे. सुट्या बाटलीत, बिननावाचा इसेन्स घाऊक बाजारातून घेताना चार पैसे वाचतात, पण आत कोणतं द्रावक आहे याचा जाब विचारायला समोर कुणी नसतं.

नावांनी केलेला गोंधळही एकदा निस्तरलेला बरा. 'बूर्बों व्हॅनिला' वाचून त्यात बर्बन व्हिस्की असेल असं वाटतं. तिचा व्हिस्कीशी काही संबंध नाही. हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटाचं जुनं नाव बूर्बों. तिथेच १८४१ मध्ये एडमंड आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडीने फुलाचा पडदा उचलून परागीकरण करायची सोपी रीत शोधली आणि व्हॅनिला मेक्सिकोबाहेर फळू लागला. उलट बर्बन व्हिस्कीला व्हॅनिलाचा वास असतो तो शेंगेशिवाय. जाळून घेतलेल्या ओकच्या पिंपातल्या लाकडातून व्हॅनिलिन तिच्यात उतरतं. आणि व्हॅनिलाच्या स्वादाची खरीखुरी मद्यं वेगळीच. स्पेनचं 'लिकोर ४३' हे ३१ टक्क्यांचं लिकर आहे. दुकानात गोड वासाच्या पेयांच्या फळीवर अशी बाटली दिसली तर तिच्यावरचा आकडा आधी वाचावा.

अल्कोहोल अजिबात नको असेल तर वाटा आहेत, आणि त्या नव्या नाहीत. जर्मनी आणि स्कँडिनेव्हियातल्या घरांत व्हॅनिला साखरेच्या पुड्या पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. मेक्सिकोत अझ्टेक लोक कोकोच्या पेयात व्हॅनिला घालत तोही सरळ शेंगेच्या रूपात. व्हॅनिलाचं सगळ्यात जुनं प्रसिद्ध पेय अशा रीतीने अर्काशिवायच बनत होतं. कर्नाटक-केरळात २००३-०४ च्या सुमारास व्हॅनिलाची लाट आली तेव्हा हिरव्या शेंगेला किलोमागे हजारो रुपये मिळाले, पाठोपाठ भाव कोसळला आणि कित्येकांनी वेली उपटून टाकल्या. टिकून राहिलेल्या बागांतली शेंग आज काचेच्या नळीत घालून विकायला येते.

ती उभी चिरायची. सुरीच्या बोथट पाठीने आतला काळा, ओलसर, मोहरीहूनही कितीतरी बारीक दाण्यांचा गर खरवडायचा आणि दुधाला उकळी येताना गर आणि साल दोन्ही त्यात सोडायचं. दहा मिनिटं झाकून ठेवलं की गरम दूध आणि त्यातली साय वास ओढून घेतात. गाळल्यावर पांढऱ्या दुधात काळे ठिपके तरंगत राहतात. उरलेली साल धुऊन, वाळवून साखरेच्या बरणीत खुपसून ठेवायची. महिन्याभराने त्या साखरेचा चहा केला तरी वास येतो.